थीम पार्कच्या जेवणाला खाडा नसतो

(एपिसोडमधलं बोलणं थोडं आवरून इथे टाकलंय. ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ निम्मे तरी कापलेत.)

पालेगाव, अंबरनाथ पूर्व. बाहेर बांधकामाचा आवाज येतोय, तो येणारच. आमच्याकडे एक टॉवर पूर्ण झाला की शेजारी दुसऱ्याचा खड्डा खणायला घेतात, आणि मला रेकॉर्डिंगला रविवारची दुपारच मिळते. तेव्हा सांभाळून घ्या.

आजचा विषय बदलापूरच्या एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमधून आलाय. त्यांचं घर सहलीला निघालंय, खोपोलीला, इमॅजिकाला. आठ माणसं: तो, त्याची बायको, आई-बाबा, आजी-आजोबा, ताई आणि ताईचा सहा वर्षांचा मुलगा. त्याचा प्रश्न असा आहे, “दादा, तिकीट काढताना ते विचारतात की जेवणासकट पाहिजे की नुसतं. जेवणासकट घेतलं तर स्वस्त पडतं असं तिथे लिहिलंय. घेऊ का?”

छोटा प्रश्न वाटतो ना? पण आठ माणसांना गुणलं की चार-पाच हजारांचा विषय होतो. आणि ते पैसे गेटच्या आत पाय टाकण्याआधीच खिशातून गेलेले असतात. म्हणून म्हटलं ह्यावर एक अख्खा भाग करू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे, २०१३ मध्ये सुरू झालं. आपल्या अंबरनाथ-बदलापूरच्या लोकांना ते तसं उशाशीच. आमच्या आई-बाबांच्या पिढीचं थीम पार्क म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड, १९८९ चं. तिथे जायला लोकल, मग बस, मग बोट. आता कर्जतच्या रस्त्याला लागलं की झालं. लोकलनेही जाता येतं, कर्जतला उतरून खोपोलीची गाडी पकडायची, पण त्या गाड्या मोजक्याच. वेळापत्रक बघूनच निघा.

एक गोष्ट आधीच सांगतो. पार्कच्या किमती मी बोलणार नाही. वार, सीझन, ऑफर ह्यावर त्या बदलत राहतात, आणि मी आज सांगितलेला आकडा तुम्ही ऐकाल तेव्हा शिळा झालेला असेल. मी मानलेले आकडे घेणार आहे. तुम्ही त्या जागी बुकिंगच्या पानावरचे खरे आकडे टाका, पद्धत तीच.

आता, ‘आधी पैसे भरा, नंतर वापरा’ हे आपल्याला नवीन आहे का? आपल्याइतकं तर हे कुणाला जुनं नसेल! आपण पासवाली माणसं.

लोकलचा महिन्याचा पास घ्या. त्याचं गणित साधारण असं बसवलेलं आहे की पंधरा सिंगल तिकिटांच्या भाड्यात महिनाभराचा प्रवास. म्हणजे साडेसात दिवस जाऊन-येऊन झालं की पैसे वसूल. आठव्या दिवसापासून तुम्ही फुकट फिरताय. २०१४ च्या जूनमध्ये हे पंधराचं तीस करायचा प्रस्ताव आला होता, केवढी बोंबाबोंब झाली होती आठवतंय? काही दिवसांत मागे घ्यावा लागला. तीस झाले असते तर पंधरा दिवस कामाला गेल्यावर पैसे वसूल झाले असते. आज वर्क फ्रॉम होमच्या जमान्यात, आठवड्याला तीनच दिवस ऑफिस असलेल्या माणसाने पास काढलाच नसता.

पास चांगला का, तर वसुलीची रेघ खूप खाली आहे. महिन्यात चार सुट्ट्या आल्या, दोन दिवस ताप आला, तरी तुम्ही ती रेघ ओलांडताच. कुठलाही प्रीपेड प्लॅन बघताना हे पहिलं बघायचं. सगळं वापरलं तर किती वाचेल हे जाहिरात सांगतेच. किती कमी वापरलं तरी चालेल, हे आपण शोधायचं.

दुसरं उदाहरण मेसचं. पुण्यात किंवा कुठेही हॉस्टेलला राहिलेल्यांना हे पाठ असेल. महिन्याचे पैसे आधी भरायचे, कार्ड मिळतं, जेवलात की टिक. पण मेसवाल्या काकूंकडे एक अशी गोष्ट असते जी कुठल्याही ॲपकडे मी अजून नीट बघितलेली नाही. खाडा! गावी चाललोय, चार दिवस खाडा. आदल्या दिवशी सांगितलं की तेवढी जेवणं पुढे सरकतात. काही मेसमध्ये खाड्याला मर्यादा असते, काही ठिकाणी सलग तीन दिवस असले तरच धरतात, त्यावरून भांडणं होतात, ते सगळं मान्य. पण तत्त्व बघा. न खाल्लेल्या जेवणाचं काय करायचं, ह्याचा नियम आधी ठरलेला आहे.

थीम पार्कच्या जेवणाच्या प्लॅनला खाडा नसतो. तो त्याच दिवसाचा, त्याच तारखेचा. पोट बिघडलं, पाऊस आला, पोरगं झोपलं, कूपन गेलं. आणि वसुलीची रेघ पासासारखी खाली नसते. ती जवळजवळ वर टेकलेली असते. म्हणजे सगळंच्या सगळं खाल्लंत तर दहा-पंधरा टक्के फायदा, एक वस्तू जरी राहिली तरी तोटा.

आता हिशेब मांडू. मोबाईलवर नोट्स उघडा हवं तर.

समजा प्लॅन माणशी ६०० रुपये. त्यात एक पूर्ण जेवण, एक स्नॅक, एक थंड पेय. हेच आत काउंटरवर वेगवेगळं घेतलं तर जेवण ४५०, स्नॅक २००, पेय ६०, म्हणजे ७१०. बुकिंगचं पान सांगणार, माणशी ११० रुपये वाचवा. आठ जणांचे ८८०. हिरव्या अक्षरात लिहिलेलं असतं, आणि हिरव्या रंगाने आपल्याला लगेच बरं वाटतं.

पण ७१० शी तुलना का करायची? ती तुलना तेव्हाच खरी, जेव्हा प्लॅन नसता तरी तुम्ही हे सगळं घेतलंच असतं. तुलना करायची ती प्लॅन नसताना ह्या माणसाने खरोखर काय खाल्लं असतं त्याच्याशी. आणि हे तुम्हाला माहीत आहे, पार्कला माहीत नाही. तुमच्या आजोबांना पार्क ओळखत नाही.

तर बदलापूरच्या ह्या घराचं बघू. आपला मित्र, त्याची बायको आणि ताई, हे तिघं खाणारे. पूर्ण जेवण ४५०, तिघांत दीड स्नॅक, म्हणजे माणशी १००, आणि पेय ६०. झाले ६१० प्रत्येकी. तिघांचे १८३०. बाबा जेवण आणि एक चहा, चहा ४० चा धरा, ४९०. आई? आई नातवाच्या ताटातलं उरलेलं संपवणार आणि वर थोडं काहीतरी घेणार, २५०. आजी आणि आजोबा, इडलीची प्लेट नाहीतर दहीभात, २०० आणि २००. आणि सहा वर्षांचा तो कार्यकर्ता फ्रेंच फ्राइज आणि आइस्क्रीम ह्यांवरच दिवस काढणार, २५०. बेरीज ३२२०.

प्लॅनचे आठ जणांचे ४८००.

म्हणजे पान म्हणतं ८८० वाचले, आणि खिसा म्हणतो १५८० जास्त गेले. दोघांचंही गणित बरोबर आहे! पान मेन्यूकार्डाशी तुलना करतंय, खिसा तुमच्या घराशी. (लहान मुलांचा प्लॅन स्वस्त असेल तर भाच्याचा आकडा बदला. चित्र थोडं सुधारेल, उलटणार नाही.)

ह्यावर कुणी म्हणेल, अरे पण १५८० जास्त दिले तर जास्त खायलाही मिळालंच ना. मिळालं. पण जास्तीचं अन्न पोटात गेलं तरच त्याची किंमत. आजीने दोन घास खाऊन बाजूला सारलेलं ताट मेन्यूवर ४५० चं असेल, तुमच्यासाठी शून्य. उलट ते वाया जाऊ नये म्हणून बाबा दुसरं ताट संपवणार, आणि मग दुपारभर बाकावर बसून ढेकर देणार.

इथे राइडचा विषय येतो. तुम्ही तिथे कशासाठी चाललाय? नायट्रोसाठी. ते रोलर कोस्टर माणसाला उलटं करतं. स्क्रीम मशीन झोके देतं. दुपारी पोटभर बिर्याणी, वर गुलाबजाम, आणि अर्ध्या तासात नायट्रोची रांग, हे कॉम्बिनेशन करून बघायचं असेल तर तुमची मर्जी. माझं मत, राइडच्या दिवशी थोडं थोडं, चार वेळा खावं. आणि प्लॅन बहुतेक वेळा एकरकमी मोठ्या जेवणाचाच असतो. राजासॉरसच्या पाण्यातल्या राइडला चालेल, तिथे भिजायचंच असतं. (राजासॉरस हे नाव बनवलेलं नाही बरं का. गुजरातमध्ये सापडलेल्या खऱ्या भारतीय डायनासोरचं आहे, २००३ मध्ये जाहीर झालं.)

आणि वेळ. समजा तिकीट दीड हजाराचं आणि तुम्ही आठ तास आत आहात. म्हणजे माणशी तासाला एकशे नव्वदच्या आसपास. तुमचं कूपन ज्या ठराविक रेस्टॉरंटमध्ये चालतं तिथे पार्कच्या दुसऱ्या टोकाहून चालत जायचं, दीड वाजता, जेव्हा सगळी दुनिया तिथे आहे, रांग लावायची, आठ जणांना एकत्र टेबल शोधायचं. तास गेला. आठ माणसांचा तास म्हणजे दीड हजार. ही रक्कम बिलावर दिसत नाही. म्हणून प्लॅन घेणारच असाल तर तो किती ठिकाणी चालतो आणि किती ते किती वाजेपर्यंत चालतो, हे दोन प्रश्न किमतीच्या आधी विचारा.

प्लॅनचे प्रकारही सगळे सारखे नसतात. वर सांगितलं तो कूपनवाला. दुसरा बुफे, हवं तेवढं खा. तिसरा पैसे भरून ठेवायचा, पाचशे भरा, साडेपाचशेचं खा, असा काहीतरी. तिसऱ्याबद्दल फार बोलत नाही, मॉलच्या फूडकोर्टचं कार्ड आठवा. शेवटी त्यात तीस रुपये उरतात आणि रिफंडचं काउंटर दुसऱ्या मजल्यावर असतं. कमी भरा, लागलं तर पुन्हा भरा, एवढंच.

बुफेबद्दल मात्र थोडं बोलायचंय. बुफेचा दर कोणासाठी ठरतो? सरासरी पोटासाठी. त्यात चिकन, मासे, चार गोडाचे पदार्थ खाणारा माणूस धरलेला असतो. आता आपल्या घरांत बघा. एक जण गुरुवार करतो, एकाचा शनिवार, आजीची चतुर्थी, शेजारचे जैन कुटुंब कांदा-लसूण खात नाही. व्हेज आणि नॉनव्हेज एकाच दरात असेल तर वरण-भात खाणारा माणूस शेजारच्याच्या कोंबडीला हातभार लावत असतो. सहल उपवासाच्या दिवशी येतेय का, हे कॅलेंडर बघून मगच प्लॅनवर टिक करा. हसू नका, आषाढी-श्रावणात सुट्टी बघून सहल ठरवली की हे हमखास होतं.

हाच प्रकार जगातल्या सगळ्यात मोठ्या प्लॅनमध्येही आहे. अमेरिकेत फ्लोरिडाला डिस्नी वर्ल्ड आहे, तिथे हॉटेल बुकिंगबरोबर डायनिंग प्लॅन मिळतो. कोविडमध्ये २०२० ला बंद केला होता, ९ जानेवारी २०२४ पासून परत आणला. तेव्हाचे दर सांगतो, नुसत्या काउंटरवरच्या जेवणाचा प्लॅन मोठ्या माणसाला रात्रीमागे ५७ डॉलर १ सेंट, आणि बसून जेवायचं एक जेवण असलेला ९४ डॉलर २८ सेंट. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना बराच स्वस्त. आपल्याकडचे किती तरी लोक न्यू जर्सीला, टेक्सासला आहेत, आई-बाबा तिकडे गेले की ऑर्लँडोची वारी होतेच, म्हणून सांगतोय. तिथल्या अटी बघा. एका खोलीतल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांनी तोच प्लॅन घ्यायचा, एकट्या जावयाने घेऊन चालत नाही. उरलेली जेवणं हॉटेल सोडायच्या दिवशी मध्यरात्री रद्द. आणि मोठ्यांच्या जेवणात एक पेय धरलेलं असतं, ते बिअर किंवा कॉकटेलही असू शकतं. म्हणजे न पिणारे, शाकाहारी, रात्री आठला ‘मला फक्त दूध’ म्हणणारे आपले आई-बाबा हे ह्या प्लॅनचे सगळ्यात महागडे गिऱ्हाईक! स्टेक आणि कॉकटेल घेणाऱ्याला तो परवडतो, कारण शेजारच्या टेबलावर आपण दालखिचडीच्या आठवणीत सॅलड खातोय.

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस प्लॅनच्या विरुद्धच आहे. थांबा. विरुद्ध बाजूचा एक मुद्दा इतका चांगला आहे की नुसत्या बेरजेने तो उडवता येत नाही.

१९९८ मध्ये प्रेलेक आणि लोवेनस्टाइन ह्या दोघांनी एक साधा प्रश्न विचारला होता. सुट्टीची ट्रिप बाराशे डॉलरची आहे. सहा हप्ते जायच्या आधी भरणार की आल्यावर? आणि तेवढ्याच किमतीचं वॉशिंग मशीन असेल तर? बहुतेकांनी ट्रिपचे पैसे आधी भरायचे म्हटलं, मशीनचे नंतर. शुद्ध व्यवहाराने बघितलं तर दोन्हीचे नंतर भरणं फायद्याचं, बँकेत तेवढंच व्याज. पण लोकांना सुट्टीच्या दिवशी डोक्यावर देणं नको असतं. मजा करताना मीटर चालू नको. रिक्षात बसल्यावर आपण बाहेर बघत नाही, मीटरकडे बघतो, तसंच आहे ते.

आणि हे मीटर सगळ्यांना सारखं दिसत नाही. तुम्ही-मी, पगार खात्यात येतो, फोनवरून स्कॅन केलं, टिंग वाजलं, विसरलो. पण आपल्या आया बघा. त्या मेन्यूकार्ड उजवीकडून वाचतात. आधी आकडे, मग आकड्यासमोरचा पदार्थ. पाण्याची बाटली किती, ऐकलं की त्यांची तहान जाते. चारशे रुपयांचं जेवण म्हटलं की “मला फारशी भूक नाहीये, तुम्ही घ्या.” भूक असते. सकाळी पाचला उठून सगळ्यांचे डबे, पाणी, औषधं त्यांनीच भरलेली असतात. आजोबा तर आत शिरताच तिकिटाचा दर विचारतात आणि दिवसभर प्रत्येक राइडला भागून बघतात.

अशा माणसाच्या बाबतीत प्लॅन काय करतो? प्रश्नच काढून टाकतो. पैसे भरलेत, आता खा, नाहीतर वाया जातील. आणि ‘वाया जाईल’ हा एकच युक्तिवाद आहे जो आपल्या आईवर चालतो. त्या दिवशी ती पूर्ण जेवते. बसून, गरम.

म्हणजे गंमत बघा कशी आहे. बेरीज सांगते की प्लॅन तरुण, दाबून खाणाऱ्यांनी घ्यावा, त्यांचं ६१० आणि ६०० जवळपास जुळतं. पण खरी गरज आई-आजी-आजोबांना, ज्यांच्या बाबतीत बेरीज सगळ्यात वाईट आहे. नुसतं शीट करून उत्तर काढलं असतं तर उलट्या माणसांना प्लॅन दिला असता. मी दिवसभर कोड लिहितो, मला शीटबद्दल आदर आहे, पण शीटमध्ये ‘भूक नाहीये’ चा कॉलम नसतो.

मग करायचं काय? माझं उत्तर असं. प्लॅन पार्ककडून घेऊ नका, घरीच बनवा.

कॉन्ट्री माहितीय ना, मित्रांत काढतो ती? ती सहलीच्या आधी काढायची. बदलापूरच्या हिशेबाने माणशी ४५०, आठाचे ३६००. घरात जे कमावतात त्यांनी आपापसात वाटून घ्यायचे. एका माणसाच्या खात्यात टाकायचे, शक्यतो ज्या खात्यात दुसरं काही नसतं अशा. आणि घरात जाहीर करायचं, “जेवणाचे पैसे आधीच भरलेत.” खोटं नाही हे. खरंच काढून ठेवलेत. आई विचारेल, परत नाही का मिळत? तुम्ही म्हणायचं, नाही. हे मात्र खोटं आहे, पण चालवून घ्या.

आत गेल्यावर सगळं त्याच खात्यातून. बिल एकाच्याच फोनवर येतं, बाकीच्यांना आकडा दिसत नाही, मीटर झाकलं गेलं. आजी अर्धी प्लेट खाणार तर अर्ध्याच प्लेटची ऑर्डर. भाचा आइस्क्रीमवर जगणार तर जगू दे. पाऊस आला, लवकर निघालो, तर पैसे आपलेच. आणि मघाच्या हिशेबाने ३८० उरतात, त्यात येताना खोपोलीला रमाकांतचा वडापाव. घरच्या प्लॅनला खाडा असतो.

एक सावधगिरी. आधी भरलेल्या पैशांचा उलटा परिणामही होतो. अमेरिकेतल्या जिमवर २००६ मध्ये एक अभ्यास आला, डेलाविन्या आणि मालमेंडियर ह्यांचा. लोक महिन्याला ७० डॉलरच्या वर भरत होते, जात होते महिन्यात चार-साडेचार वेळा. दर वेळेला १७ डॉलरच्या वर पडत होते, आणि त्याच जिममध्ये दहा वेळांचा पास घेतला तर एका वेळेला १० पडले असते. त्यांना वाटत होतं, आपण जास्त जाऊ. बुकिंगच्या पानावर बसलेला माणूस असाच असतो. रात्री अकराला, पोट भरलेलं, उत्साह भरपूर, त्याला वाटतं की त्या दिवशी आपण सगळे खूप खाणार आहोत. म्हणून कॉन्ट्रीचा आकडा ठरवताना मागच्या सहलीला खरंच किती खाल्लं ते आठवा. फोनमध्ये जुनी बिलं असतील, व्यवहाराची हिस्टरी बघा.

आता थोडं सोसायटीच्या सहलींबद्दल, कारण आमच्या पालेगावात दर हिवाळ्यात हा विषय निघतो. नव्या बिल्डिंगी, सगळे नवे शेजारी, कुणी डोंबिवलीहून आलंय, कुणी परळहून, कुणी थेट गावाहून. ओळख व्हावी म्हणून सहल. चाळीस-पन्नास माणसं, बस. आणि आयोजक उत्साहात सगळ्यांचं जेवणासकट तिकीट काढून ग्रुपवर टाकतो, माणशी इतके, आजच जीपे करा. त्याच्या दृष्टीने सोपं. एकदा क्लिक, विषय संपला.

पण त्या ग्रुपमध्ये एक घर असं असतं की ज्यांचा होम लोनचा हप्ता नुकताच सुरू झालाय. चार माणसांचे जेवणाचे २४०० म्हणजे त्यांच्या घरातला बराचसा भाजी-किराणा. ते ग्रुपवर ‘आम्हाला जेवण नको’ असं लिहिणार नाहीत. ते लिहितात, “ह्या वेळी जमत नाहीये, गावी जायचंय.” अंगठा, हात जोडलेले, विषय संपला. ते गावी जात नाहीत. रविवारी त्यांच्या गॅलरीत कपडे वाळत असतात, आणि त्यांची पोरं खाली सायकल चालवत असतात, एकटीच, कारण बाकीची पोरं बसमध्ये.

म्हणून आयोजक असाल तर जेवण तिकिटापासून वेगळं ठेवा, आणि हो-नाही ग्रुपवर विचारू नका, फॉर्म पाठवा, जो फक्त तुम्हालाच दिसतो. सक्तीच्या प्लॅनवर मोठ्या ग्रुपला जी सूट मिळते ती मिळणार नाही, मान्य. ती सूट सोडून द्या.

बाकी बारीकसारीक. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा पोळी-भाजीचे डबे घेऊन गेटवर वाद घालू नका. तान्ह्या बाळाचं खाणं आणि आजी-आजोबांची पथ्याची, औषधाची वस्तू ह्याबद्दल आधी फोन करून विचारा. डायबिटीस असेल तर हे विसरू नका, रांगेत साखर उतरते. सिनेमागृहांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटलं होतं की बाहेरचं खाणं अडवू शकता, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट ठेवा. तो निकाल थिएटरचा. पार्कमध्ये शिरल्यावर पाण्याची जागा पहिली शोधा, रिकामी बाटली सोबत असू द्या. नाश्ता घरून किंवा कर्जतला दाबून करा, कर्जत स्टेशनचा वडा काही वाईट नाही. गाडी असेल तर केळी आणि थेपले डिकीत, निघताना सगळ्यांना भूक लागलेली असते.

आणि पार्कचा प्लॅन घ्यावा असं मला कधी वाटेल? तीन-चार मित्र, सगळे खाणारे, कुणाचा उपवास नाही, प्लॅन बऱ्याच ठिकाणी चालतोय, आणि खऱ्या खाण्याच्या निदान पाचवा हिस्सा स्वस्त पडतोय. नाहीतर तिकिटावर अशी ऑफर असते की जेवणासकटचं तिकीट नुसत्या तिकिटाच्या जवळपास येतं. अशी ऑफर कधीकधी खरंच असते, विशेषतः मधल्या वारी. शेवटच्या पानावर टॅक्स धरून दोन्ही बेरजा बघा, स्क्रीनशॉट काढा, मग पैसे भरा. तारीख बदलली तर जेवणाचं कूपनही सरकतं का, हे त्याच पानावर खाली बारीक अक्षरात असतं.

बदलापूरच्या मित्रा, तुझ्यासाठी थोडक्यात, आठही तिकिटं नुसती काढ, ३६०० बाजूला टाक, आणि फोन ताईकडे दे. तुझ्याकडे राहिला तर तू नायट्रोच्या रांगेत असशील आणि आजोबा चहासाठी ताटकळतील.

पुढच्या भागात फास्टॅगचा वार्षिक पास, १५ ऑगस्ट २०२५ ला तीन हजार रुपयांत दोनशे फेऱ्या असा सुरू झाला तो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तो चालत नाही हे कळल्यावर मग आपल्यासारख्यांनी तो घ्यावा का, ह्यावर बोलू. व्हॉइस मेसेज पाठवत राहा, दोन मिनिटांच्या आतले. भेटू.